सात नंबरचा लंगडा ठोका

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
२० एप्रिल २०२५

प्रिय जयदेव,

जय भीम. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. बायकोच्या, भावनाच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकून ‘राँग नंबर’ म्हणालास. पन्नास वर्षं जुना राँग नंबर मी तरी दुसरा पाहिला नाही. म्हणून पोस्टाने लिहितोय. स्पीड पोस्टला सही लागते. ती नूतन करेल, तुझ्या बायकोवर एवढी भिस्त आहे माझी.

काम तसं काही नाही. कॅम्प तीनच्या दुकानात एप्रिलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तुला माहीत आहेच. जयंती जवळ आली की अंबरनाथपासून कल्याणपर्यंतचे सगळे फाटके स्पीकर माझ्याकडे येतात. कागदाचा कोन बदल, कॉइल गुंडाळ, डिंक वाळेपर्यंत गिऱ्हाईकाच्या शिव्या खा. डॉक्टर म्हणतो, डावा कान थोडा कमी झालाय. मी त्याला म्हटलं, साहेब, तुमच्या पंख्याचं बेअरिंग उजवीकडे घासतंय, ते आधी बघा. त्याने शिडी लावून बघितलं. घासत होतं.

बरं, काम आहे. सांगतो.

दहा तारखेला सकाळी अंबरनाथच्या बुवापाड्याला विहारातले कर्णे लावायला गेलो होतो. टेस्टिंगला मी काय लावतो तुला ठाऊक आहे. हो, तेच. ‘वेट फॉर द व्हिसल’. रागावू नकोस. त्या रेकॉर्डचा मधला आवाज साफ आहे, स्पीकर कुठे घासतोय ते लगेच कळतं. पायरीवर एक म्हातारी मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसली होती. गाणं सुरू झालं तशी तिची बोटं ताटाच्या काठावर वाजायला लागली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आणि मग तिसरी ओळ आली.

त्या ओळीत चार ठोके सरळ पडतात आणि पाचवा उशिरा येतो, पाय ओढत आल्यासारखा. तुला नि मला तो पकडायला किती महिने लागले ते आठव. मूळ गाणी शोधणाऱ्यांच्या आपल्या ईमेल यादीवरचे जगभरातले दोनशे खुळे अजून त्यावर वाद घालतात की ड्रमवाला प्यायलेला होता की काय. ह्या बाईने तो पहिल्या फटक्यात पकडला. पकडला म्हणजे, ठोका यायच्या आधीच तिचं बोट हवेत थांबलं. डेन्मार्कच्या पोरांनी सदुसष्ट साली कुठल्याशा गॅरेजमध्ये वाजवलेली रेकॉर्ड. जगात तिच्या तीनशे प्रती निघाल्या, त्यातली एक माझ्याकडे. ही बाई ते गाणं ऐकणार कुठे?

मी खाली उतरेपर्यंत ती उठून गेली होती.

आता तू म्हणशील, दोन वर्षांनी पत्र लिहितोस आणि पुन्हा तेच गाणं काढतोस. त्या दिवसाची माफी मी मागितली नाही असं तू लोकांना सांगतोस. मागितली होती, जयदेव. पण प्रत्येक वेळी ‘शेवटी तारीख ती तारीख’ असं शेपूट लावून. ती माफी नव्हे, ते मला भावनाने सांगितलं.

मी काय केलं ते एकदा सरळ लिहितो, म्हणजे मी काही लपवतोय असं वाटायला नको. चंदरकाकांना ऐंशी वर्षं झाली म्हणून तू अंबरनाथला हॉल घेतलास. मला म्हणालास, बबन, बाबांच्या बँडवर दोन शब्द बोल, तुझ्यासारखे कान कुणाकडे नाहीत. मी हुरळलो. आपण शाळेत असल्यापासून मूळ गाणी शोधतोय. कुठल्या गॅरेज बँडने कुणाचं गाणं उचललं, ते त्याने कुणाकडून घेतलं होतं, तीन-तीन पायऱ्या मागे जाऊन आपण मूळ काढायचो. आणि ह्या सगळ्याची सुरुवात ज्यांच्यापासून झाली ते तुझे बाबा. पासष्ट-सहासष्ट साली कारखान्याच्या साहेबाच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये गिटार, ढोलकी आणि पत्र्याचा डबा घेऊन वाजवणारा ‘द नंबर सेव्हन्स’. त्यांचं एकच गाणं टेपवर उरलंय, ‘भोंगा होऊ दे, मग जा’. काका ते दर जयंतीला स्टेजवर म्हणायचे. बुवापाड्याला ते पाठ होतं.

तर मी दोन मशीन मांडली. आधी काकांची टेप लावली, मग डेन्मार्कची रेकॉर्ड. तीच चाल, तोच लंगडा ठोका. रेकॉर्डवर १९६७, टेपच्या खोक्यावर १९६९. आणि माईकवर म्हणालो, ‘डुप्लिकेट मालासाठी लोक उगाच उल्हासनगरला नावं ठेवतात, अंबरनाथ काय कमी आहे?’

हॉल हसला. मला वाटलं, मजेत घेतील. काका खुर्चीतून एवढंच म्हणाले, ‘असेल बाबा.’

त्यानंतर ते गायले नाहीत. बुवापाड्याची खोली बंद करून तू त्यांना नाशिकला घेऊन गेलास.

ती बाई कोण ते शोधतो. सध्या एवढंच.

बबन

•

कॅम्प ३, उल्हासनगर
११ मे २०२५

जयदेव,

सापडली.

गंगूमावशी. विहाराच्या मागे तिसरी गल्ली, सून प्रीतीबरोबर राहते. वय ऐंशी म्हणते. आवाजावरून सत्तर वाटते, बोलण्यावरून पंचवीस. मी ओळख दिली, ‘मावशी, मी बबन रोकडे. स्पीकरवाला.’

‘तूच का तो. त्या दिवशी कर्णा माझ्या डोक्यावर लावलास. सुनेची हाक ऐकू आली नाही दिवसभर.’

‘सॉरी मावशी.’

‘सॉरी कशाला? बरं वाटलं.’

मी मोबाईलवर रेकॉर्ड लावली. तिने ऐकली. हसली. म्हणाली, ‘हे इंग्लिशमध्ये कुणी म्हटलंय? सात नंबर आहे हे.’

‘सात नंबर म्हणजे कोण, मावशी?’

‘कोण काय? मशीन.’

जयदेव, चाळीस वर्षं आपण ‘द नंबर सेव्हन्स’ हे नाव घेतोय. आपल्याला वाटायचं, परदेशी बँडसारखं ऐटबाज नाव ठेवलंय. मी तर त्या हॉलमध्ये नावसुद्धा कुठून तरी उचललंय म्हणालो होतो. तू कधी विचारलंस बाबांना, सात नंबर का? मी नाही विचारलं.

कारखाना पत्र्याचे डबे बनवायचा, हे आपल्याला माहीत होतं. हे माहीत नव्हतं की प्रेस खात्यात झाकणं कापायची आठ मशीन होती आणि सात नंबर चंदरकाकांकडे होतं. वरून चामड्याचा पट्टा फिरायचा. तो एकदा तुटला, तेव्हा नवा मिळेना म्हणून त्याला टाका मारला. टाका चाकावर आला की पट्टा जरा घसरायचा आणि ठोका उशिरा पडायचा. चार सरळ, पाचवा लंगडा. मावशी पलीकडे बसून झाकणं रचायची. आठ तास, सहा दिवस. तिने पलंगाच्या लोखंडी पट्टीवर वाजवून दाखवलं.  रेकॉर्डवरचा ड्रमवाला प्यायलेला नव्हता. तो आपल्या अंबरनाथचं मशीन वाजवत होता.

तू पुरावा मागशील. मागायलाच हवा, मीही मागितला. मावशीने प्रीतीला कपाटावरची पेटी काढायला लावली. आत एक फोटो. आपल्याकडे खंडेनवमीला मशीनला हार घालतात तसा ह्या लोकांनी सात नंबरला हार घातलाय, भंगारात काढायच्या दिवशी. समोर पाटी, त्यावर खडूने: ‘मशीन नं. ७, निरोप, २ मे १९६६’. मशीनवर हात ठेवून चंदरकाका उभे आहेत, तेवीस वर्षांचे, तुझ्यासारखेच दिसतात, फक्त हसतायत. बाजूला टोपी घातलेला गोरा इंजिनिअर. नवी मशीन बसवायला डेन्मार्कहून आलेला. आणि त्याच्या मागे काडीसारखा उंच मुलगा, त्याचाच. त्यांच्याच बंगल्याच्या गॅरेजमध्ये बँड वाजायचा. मावशी म्हणाली, ‘तो नील्स. दिवसभर चंदरच्या मागे. पावसाच्या आधी बापाबरोबर परत गेला.’

डेन्मार्कच्या रेकॉर्डवर गाणारा कोण, ते तुला पाठ आहे. नील्स.

आता तारखा मांड. लंगडा ठोका दोन मे सहासष्टला भंगारात गेला. त्याच्यानंतर ते गाणं इथे कुणी बनवूच शकत नाही. रेकॉर्ड सदुसष्टची. टेपच्या खोक्यावरचं एकोणसत्तर साल हे कॅन्टीनच्या कार्यक्रमात टेप घेतली त्याचं. ती टेपची तारीख होती, गाण्याची नव्हती. कोन बदलला त्या दिवशी स्पीकर जन्मला असं मी माझ्या कुठल्या गिऱ्हाईकाला सांगितलं असतं का? आणि काकांना सांगितलं, तीनशे लोकांसमोर.

मी चुकलो. ह्या वेळी शेपूट नाही.

कुठे चुकलो तेही कळलंय. नुसत्या तारखेत नाही चुकलो. आपल्या यादीत चारशेच्या वर गाणी आहेत. इथल्या माणसाचं नि तिथल्या माणसाचं गाणं सारखं निघालं की मी आधीच ठरवून टाकतो, इथल्याने घेतलं असणार. मी बुवापाड्यात वाढलेला माणूस. चौदाव्या वर्षी शेठच्या दुकानात कॉइल गुंडाळायला लागलो, आज त्याच रस्त्यावर माझं दुकान आहे. मला कुणी म्हणालं असतं की तुझ्या वस्तीतून काय निघणार, तर मी त्याच्या तोंडावर बिल फेकलं असतं. आणि हेच मी स्वतः म्हणालो, विनोद म्हणून.

मी आपल्या यादीवर दुरुस्ती लिहून ठेवलीय, अजून पाठवलेली नाही. एक गोष्ट ह्या पत्रात लिहिलेली नाही. खोटं काही लिहिलेलं नाही, फक्त ती लिहिलेली नाही. मागच्या वेळी मी खात्री न करता तोंड उघडलं. आता आधी खात्री करतो.

काकांना हे पत्र वाचून दाखव असं मी म्हणत नाही. तुला जमेल ते कर.

बबन

•

बेलवली
१५ जून २०२५

प्रिय जयदेव,

नूतनचा भावनाला मेसेज आला. ‘पत्रं वाचतात. दोनदा वाचतात. मग कपाटात ठेवतात आणि कुणाशी बोलत नाहीत.’ मला तेवढं पुरे. तुझ्या कपाटात जागा मिळाली म्हणजे मी पूर्ण बाहेर नाही.

आता राहिलेली गोष्ट. वाचून चिडू नकोस. चिडलास तर नूतनला आधी वाचायला दे, ती शांत डोक्याची आहे.

अकरा मेच्या पत्रात मी गंगूमावशीचं अर्धंच बोलणं लिहिलं. फोटो बघून झाल्यावर मी तिला म्हणालो, ‘म्हणजे मावशी, चंदरकाकांनी हे मशीनवर बनवलं तर.’

ती म्हणाली, ‘चंदरने?’

‘मग?’

‘शब्द चंदरचे. चाल माझी.’

मी हसलो. बघ, अजून सुधारलो नाही. ती म्हणाली, ‘हसतोस काय? आठ तास ते लंगडं मशीन कानाजवळ. झोप येऊ नये म्हणून गुणगुणायचे. मशीन चुकायचं तिथे मीपण थांबायचे. खात्यातल्या सगळ्या बायका म्हणायच्या. चंदर समोर असायचा, एक दिवस त्यावर बोलायला लागला. भोंगा होऊ दे, मग जा. मला चिडवायला. मी भोंगा व्हायच्या आधीच डबा उघडायचे ना.’

‘मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?’

‘कुणाला? त्यांचा बँड. बंगल्याच्या गॅरेजमध्ये बाया जायच्या का? तो गायला लागला, लोक टाळ्या वाजवायला लागले. सहासष्टला माझं लग्न झालं, नवऱ्याने नोकरी सोडायला लावली. दर जयंतीला चंदर स्टेजवर ते म्हणायचा, मी खाली बसून ऐकायचे.’

‘राग नाही आला?’

‘यायचा. तिसऱ्या ओळीला तो घाई करायचा.’

जयदेव, मी बाहेर पडलो ते डोकं धरून. मी काकांना चोर ठरवलं, मग मला कळलं ते चोर नाहीत, ह्या आनंदात तिथूनच तुला लिहायला निघालो होतो. आणि ही बाई सांगते की चाल तिची. खरं असेल तर मी तुला काय देणार? आणि खोटं असेल तर? म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत चाळीस गोष्टींची सरमिसळ होते. मी यादीवर कधी कुणाच्या तोंडी सांगण्यावर नोंद केलेली नाही, तू करू दिली नाहीस.

म्हणून नील्सला शोधलं. आपल्या खुळ्यांपैकी एक कोपनहेगनला राहतो, त्याने चार दिवसांत पत्ता काढला. नील्स जिवंत आहे. शहात्तर वर्षांचा, समुद्राकाठी होड्यांना रंग देतो. मी त्याला गंगूमावशीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. फक्त विचारलं, हे गाणं तू कुणाकडून शिकलास? त्याचं उत्तर आलं. भावनाने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मराठीत सांगतो:

‘चंदरने शिकवलं. रेकॉर्डवाल्याने लिहिणारा म्हणून माझं नाव छापलं, मी सतरा वर्षांचा होतो, मी थांबवलं नाही. ह्याची मला लाज वाटते. चंदरने मला सांगितलं होतं की चाल त्याची नाही, झाकणं रचणाऱ्या एका बाईची आहे. तिने मला एकदा तिच्या डब्यातली भाकरी दिली होती. तिचं नाव मला आठवत नाही. चंदर आहे का?’

तर हे असं आहे. काकांनी खरं सांगितलं होतं. फक्त अशा माणसाला सांगितलं, जो बोटीत बसून जाणार होता. इथे कुणालाच नाही, तुलाही नाही.

हे मी लपवू शकलो असतो. डेन्मार्ककडून आलेलं गाणं नाही, अंबरनाथचंच आहे, काकांचं आहे, एवढं लिहून टाकलं असतं तर तू माझा फोन उचलला असतास, मला खात्री आहे. तीन आठवडे मी हाच विचार करत होतो. भावना म्हणाली, ‘एकाची अब्रू घालवलीस, ती परत करताना दुसरीची नको खाऊस.’

गंगूमावशीला मी नील्सचं पत्र वाचून दाखवलं. भाकरीचं ऐकून म्हणाली, ‘खोबऱ्याची चटणी पण दिली होती, ती विसरला.’ मग मी विचारलं, मावशी, आता काय करू? मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे रे, ह्या वयात कशाला. तिने चष्मा काढला, पुसला. म्हणाली, ‘माझं नाव घाल. आत्ता घाल. मेल्यावर घातलंस तर मला काय ऐकू येणारे का?’

‘आणि काकांचं?’

‘त्याचं पण घाल. शब्द त्याचेच आहेत. चोर नाहीये तो, घाबरट आहे.’

आपल्या यादीवर नोंद करायची तर मूळ आवाज लागतो. ती गायला तयार आहे. गेल्या रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत गाद्या लावल्या, माईक ठेवला. ती गायली. आवाज थरथरतो, पण सूर सुटत नाही. अडलं ते ठोक्यावर. तिला हात वाजवत गाता येत नाही, दम लागतो. मी डब्याचं झाकण घेतलं आणि म्हटलं, मी वाजवतो. माझे कान तुला माहीत आहेत. चार सरळ पडायचे आणि पाचवा मी मोजून उशिरा टाकायचो. ती प्रत्येक वेळी थांबायची. ‘तू मोजतोस. मशीन मोजत नव्हतं.’ नऊ वेळा केलं. मग तिने माईक बाजूला सारला. ‘चंदरला बोलाव. त्याच्याशिवाय ते मशीन कुणाला येत नाही.’

म्हणून हे पत्र. काकांना हे सगळं सांगायचं की नाही, हे तू ठरव. मी त्यांना फोन करणार नाही, कुणाच्या मार्फत निरोप देणार नाही, स्टेजवर तर ह्या जन्मात चढणार नाही. तू नाही म्हणालास तर यादीवर दुरुस्ती जाईल, गंगूमावशीचं नाव जाईल, आणि काकांचं शब्दांसाठी जाईल. आवाजाशिवाय. ते अर्धवट असेल, पण खरं असेल.

तुझ्या बाबांना गाण्यासाठी बोलावत नाहीये. पत्र्याचं झाकण वाजवायला माणूस मिळत नाहीये, म्हणून बोलावतोय.

बबन

•

बेलवली
१३ जुलै २०२५

जयदेव,

तू आला नाहीस, म्हणून सगळं लिहितो. गाडीत बसून दुकानापर्यंत तरी येशील असं मला वाटलं होतं. असो. नूतनने सांगितलं की तिन्ही पत्रं तू स्वतः वाचून दाखवलीस, आणि तिसऱ्याच्या मध्येच काकांनी कागद तुझ्या हातातून घेऊन पुढचं स्वतः वाचलं. मग म्हणाले, ‘पिशवी भर.’

शनिवारी अकरा वाजता ते नूतनबरोबर दुकानात आले. बारीक झालेत. गंगूमावशी आधीच खुर्चीत होती, इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर. पंचावन्न वर्षं एकाच वस्तीत काढलेली माणसं ही, एकमेकांना ओळख द्यायची गरज नव्हती.   

मावशी म्हणाली, ‘केस गेले तुझे.’

‘तुझे दात गेले.’

‘तीन आहेत अजून.’

मग काका खाली बसले. खुर्ची दिली तर नको म्हणाले. डब्याची चार झाकणं ठेवली होती, त्यातली दोन बोटाने वाजवून बाजूला सारली, तिसरं घेतलं. माझ्याकडे न बघता मला म्हणाले, ‘बबन, बस.’

मी म्हटलं, ‘काका, त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोललो...’

‘ते झालं.’

‘पण तुम्ही “असेल बाबा” का म्हणालात? तुम्हाला तर माहीत होतं नील्सने तुमच्याकडून नेलं.’

ते झाकणाच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. म्हणाले, ‘तू माईकवर म्हणालास, हे गाणं चंदरचं नाही. मला वाटलं, गंगूनेच पाठवलंय तुला.’

गंगूमावशीने पदराने तोंड पुसलं. ‘मी कशाला पाठवू ह्याला? मला तोंड नाहीये?’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘तू का नाही बोललास?’

काकांनी झाकण मांडीवर घेतलं. मला म्हणाले, ‘चालू कर रे.’

मी चालू केलं. जयदेव, आपण आयुष्यभर मूळ आवृत्त्या ऐकत आलो. घासलेल्या, फुटलेल्या, अर्ध्या मिटलेल्या. ह्या दोघांनी पहिली ओळ घेतली तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला, नुसत्या कानाने ऐकलं. काकांनी मोजलं नाही. हात सैल सोडला होता, पाचव्याला तो कुठेतरी अडकायचा आणि मग पडायचा. तिसऱ्या ओळीला ते पुढे पळाले. मावशी गाता गाता थांबली.

‘बघ. अजून तसाच.’

‘भोंगा व्हायची वेळ झालीय असं वाटतं मला तिथे.’

‘नाही होत भोंगा. सावकाश.’

पाचव्यांदा ती ओळ बरोबर गेली. शेवटच्या कडव्याला काकांनीही आवाज लावला. तिने लावू दिला. नूतन दाराशी उभी होती, तिला विचार, मी वाढवून सांगत नाहीये.

नंतर चहा झाला आणि भांडण सुरू झालं. नोंदीत नाव कुणाचं आधी. मला वाटलं, दोघं एकमेकांना आग्रह करतील. मावशी म्हणाली, ‘माझं आधी.’ काका म्हणाले, ‘हिचंच आधी. मी दुसरा.’ संपलं भांडण. त्यांच्यासमोर बसून मी आपल्या यादीवर टाकलं: ‘भोंगा होऊ दे. चाल गंगू, शब्द चंदर, ठोका मशीन नंबर सात. अंबरनाथ, मे १९६६ च्या आधी. डेन्मार्कची रेकॉर्ड ही ह्याची पहिली नक्कल.’ कोपनहेगनवाल्याने लगेच विचारलं, मशीनचं नाव गाणं रचणाऱ्यांमध्ये का टाकलंय? मी लिहिलं, मालकांचा हट्ट आहे.

मग मी खाली आणखी एक ओळ टाकली, की दोन वर्षांपूर्वी ह्या यादीवर आणि एका हॉलमध्ये हे उलटं सांगणारा माणूस मी होतो. माझ्या पूर्ण नावानिशी. काकांनी वाचायला मागितलं, मी इंग्रजीचं मराठी करून सांगितलं. म्हणाले, ‘हॉलमध्येही सांगशील का?’

मी म्हटलं, ‘काका, मी जयदेवला लिहून दिलंय, पुन्हा स्टेजवर चढणार नाही.’

‘मग जयदेवला विचार.’

तर विचारतो. पुढच्या जयंतीला बुवापाड्याच्या स्टेजवर दोन मिनिटं. तू नाही म्हणालास तर नाही.

आणखी एक. नूतन काल संध्याकाळी एकटीच परत गेली, ते तुला घरी कळलंच असेल. कारण तिने काय सांगितलं मला माहीत नाही, पण खरं कारण हे की काका गाडीत बसले नाहीत. इथे बेलवलीला माझ्याकडे आहेत. भावनाच्या हातची भाजणीची थालीपीठं खातायत, आज सकाळपासून माझ्या रेकॉर्डच्या कपाटासमोर बसून एकेक काढून बघतायत. कधी जायचं विचारलं तर म्हणतात, ‘जयदेव न्यायला येईल तेव्हा. नूतनबरोबर नाही, रिक्षाने नाही, जयदेवबरोबर.’ मी त्यांना हे शिकवलेलं नाही. शप्पथ घ्यायला सांगशील तर घेतो.

माझं तोंड बघायचं नसेल तर पुढच्या रविवारी ये. मी दिवसभर दुकानात थांबेन. भावना दार उघडेल, काकांची पिशवी भरलेली असेल. हे सगळं मी काकांना सांगून ठेवलं होतं.

ते म्हणाले, ‘तू घरीच थांब.’

बबन